बाळकृष्ण पेंटरची सरदारकी

बाळकृष्ण आंदुर्लेकर गप्प बसला आहे, असं मस्कतमध्ये कोणी पाहिलेलं नव्हतं. गाला भागातल्या गॅरेजांच्या गल्लीत तो गाड्यांना रंग मारायचा. रंग मारताना तोंडाला फडकं बांधावं लागतं, म्हणून डेंटरपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्या फडक्याचे उपकार मानायचे. फडकं सुटलं की बाळकृष्ण सुरू. गाडी कोणाची, ठोकली कुणी, चूक कोणाची, आणि तिथं आपण असतो तर समोरच्याला काय ऐकवलं असतं, हे सगळं तो हातवारे करून सांगायचा. ऐकणारा बंगाली असो की बलुची, त्याचं काही अडत नसे.

याला कारण होतं. कुडाळकडच्या आंदुर्ले गावचा हा माणूस ओमानला येण्याआधी ऐन विशीत दशावतारात राजपार्टी नट होता. देवळापुढच्या त्या खेळात संवाद लिहिलेले नसतात. गोष्ट तेवढी ठरलेली, बोलणं ज्याचं त्यानं उभ्या उभ्या रचायचं. दोन राजे समोरासमोर आले की पुराणात कोणी का जिंकलेला असेना, गावाच्या लेखी जिंकतो तो, ज्याचं उत्तर शेवटचं. ज्याला उत्तर सुचलं नाही त्यानं मुकुट सावरत आत जायचं आणि पुढच्या जत्रेपर्यंत लोकांची थट्टा सोसायची. आपल्यावर ही पाळी कधीच आली नाही असं बाळकृष्ण सांगायचा. खरंखोटं करायला दशावतार पाहिलेला दुसरा माणूस त्या गल्लीत नव्हता.

असा माणूस एकाच मालकाकडे चौदा वर्षं टिकला, याचं श्रेय मालकाला द्यायला हवं. तिकडे मालकाला अर्बाब म्हणतात, आणि हे खल्फान अर्बाब मोजकं बोलणारे. गॅरेज त्यांचं, व्हिसा त्यांच्या नावावर, पण आवाज चढवलेला कोणी ऐकला नव्हता. अल अमेरातला त्यांचं घर होतं, आणि दर शुक्रवारी नमाज झाली की तिथल्या मजलिशीत, म्हणजे बाहेरच्या बैठकीच्या खोलीत, गॅरेजची माणसं खजूर खायला आणि कॉफी प्यायला जायची. बाळकृष्णाची जागा अर्बाबांच्या डाव्या हाताला ठरलेली. दोघांचं जमण्याचं कारण सोपं होतं. एकाला सतत बोलायचं असे, आणि दुसऱ्याला कोणीतरी आपल्या वाटचंही बोलून टाकलेलं हवं असे.

मग त्या ऑगस्टात घरच्या माणसांना घेऊन अर्बाब सलालाला पावसाची हवा खायला गेले, आणि इकडे बाळकृष्णाला त्यांचं भलं करायची उबळ आली.

गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये एक जुना जपानी पिकअप उभा असायचा. तो अर्बाबांच्या वडिलांचा. म्हातारबाबा हयात असताना कुरियातहून मासळी आणून त्यातून विकायचे. ते गेल्यावर गाडी तिथं येऊन राहिली, चालू होत होती, पण कुठं जात नव्हती. तिचा मूळचा बदामी रंग उन्हानं उडाला होता, आणि मागच्या फाळक्यावर तर तळहाताएवढ्या जागेत रंग साफ जाऊन पत्रा उघडा पडला होता. चौदा वर्षं बाळकृष्ण त्या फाळक्याकडे बघून कळवळत होता. पेंटरच्या डोळ्यांना असला पत्रा दिसणं म्हणजे जेवताना दाताखाली खडा येणं.

त्यानं सुट्टीचे दिवस मोडले. पॉलिश पेपरनं आख्खी गाडी घासली, खड्ड्यांत पुटी भरली, प्राइमर मारला आणि वर तीन हात रंग दिला. जुना बदामी रंग जुळवायला त्यानं डब्यांमागून डबे मिसळले आणि शेवटी असा जुळवला की कारखान्यालाही ओळखता आला नसता. कामाबद्दल शंकाच नाही, काम नामी झालं. अर्बाबांना विचारावं असं त्याच्या मनात आलं होतं. पण विचारलं तर गंमत काय राहिली?

अर्बाब परत आले. शेडमध्ये शिरले. बाळकृष्ण बाजूला हाताची घडी घालून उभा होता, शाबासकी कोणत्या बाजूनं येते ते बघत. अर्बाब गाडीभोवती एकदा फिरले. मग मागे येऊन त्यांनी फाळक्यावर हात ठेवला, काढला, पुन्हा जरा सरकवून ठेवला. आणि काही न बोलता निघून गेले.

कारण कळलं ते महमूदकडून. महमूद रायगडचा, श्रीवर्धनकडचा, गॅरेजची सगळी कचेरीची धावपळ बघणारा. तो म्हणाला, "बालू, काय केलंस हे? म्हातारा मासळी विकायचा तेव्हा त्या फाळक्यावर हात टेकून उभा राहायचा. वर्षानुवर्षं. ती जागा त्याच्या हातानं झिजलेली होती. अर्बाब दर शुक्रवारी नमाजला जाताना तिथं आपला हात ठेवून जायचे."

"माका काय म्हायत?" बाळकृष्ण म्हणाला. "बोर्ड लावललो होतो थंय?"

आणि इथंच त्याचं चुकलं. रंग मारला ही चूक कोणाच्याही हातून झाली असती. पण बाळकृष्णानं त्यावर उत्तर दिलं, आणि उत्तर दिलं की ते सोडायचं नाही हा त्याचा जुना खाक्या. आपण फुकट काम केलं, सुट्टी घालवली, रंग परदेशी वापरला, आणि वर तोंडातून बरा शब्द नाही, हे तो गल्लीभर सांगत सुटला. लोकही असे की त्यांनी माना डोलावल्या.

पुढं तीन महिने गॅरेजमध्ये जे चाललं ते बघायला तिकीट लावलं असतं तरी चाललं असतं. अर्बाब बाळकृष्णाशी बोलेनात. रागावले नाहीत, पगार थांबवला नाही, काम कमी केलं नाही. नुसते बोलेनात. दोघं एकाच गाडीच्या दोन बाजूंना उभे असले तरी अर्बाब म्हणायचे, "महमूद, पेंटर को बोलो, ये दरवाजा कल चाहिए." आणि हातभर अंतरावरून बाळकृष्ण म्हणायचा, "महमूद, अर्बाब को बोलो, पेंट सूखने को टाइम लगता है." बिचारा महमूद एकाच हिंदीचं दुसऱ्या हिंदीत भाषांतर करत उभा राहायचा.

शुक्रवारी अल अमेरातला जाणं बाळकृष्णानं बंद केलं. आणि एके दिवशी तावातावात त्यानं महमूदला सांगून टाकलं, "अर्बाबाक सांग, माका एक्झिट देवा. डिसेंबरात व्हिसा संपता, माका परत करूचो नाय. मी गावाक जातंय." त्याला वाटलं, आता तरी समोर बोलावतील. महमूद निरोप सांगून परत आला.

"काय म्हणाले?"

"इन्शाल्ला म्हणाले."

आखातात आयुष्य काढलेल्या माणसाला इन्शाल्लाचे सतरा अर्थ कळतात, पण हा कुठला ते बाळकृष्णाला कळेना. बोललेला शब्द मागे घेणं तर त्याच्या रक्तात नव्हतं. डिसेंबर जवळ येऊ लागला, आणि चौदा वर्षांचा संसार, म्हणजे स्प्रे गन, दोन बॅगा आणि अर्बाबांच्या डावीकडची ती जागा, सोडून जायची वेळ खरंच येते की काय, हा विचार त्याला सोडेना. पण हे तो कोणाला सांगेल तर शपथ.

बायकोला, किशोरीला, फोनवर त्यानं अर्धवट सांगितलं. ती आंदुर्ल्याला पडवीत बसून ऐकत होती. तिनं एवढंच विचारलं, "रंग मारूच्या आदी इचारलास तरी?"

"गुपचूप करूचा होता मा."

"आणि मगे? चुकला म्हणालास?"

"रेंज नाय गो," असं म्हणून बाळकृष्णानं फोन ठेवला. रेंज ठणठणीत होती.

नाटकाचं निघालं ते याच दिवसांत. मस्कतच्या मराठी लोकांचं एक मंडळ दर हिवाळ्यात एकांकिका करायचं, आणि त्या वर्षी दिग्दर्शन प्रियांकाकडे होतं. ती अल खुवैरला एका कंपनीत नोकरीला होती आणि तिला यंदा काहीतरी वेगळं हवं होतं. वेगळं म्हणजे जपानी. कुठंतरी तिच्या वाचनात आलं होतं की तिकडच्या एका सरदाराच्या किल्ल्याचा तट पुरात ढासळला, तो त्यानं वरच्या राज्यकर्त्याची परवानगी न घेता दुरुस्त केला, आणि एवढ्यावरून राज्यकर्त्याची मर्जी जाऊन सरदाराचा मुलूख काढून घेतला गेला. त्यावर तिनं एकांकिका लिहिली. शेवटी राज्यकर्ता मुलूख जप्त करतो, सरदार कमरेची तलवार सोडून जमिनीवर ठेवतो, एक शब्द न बोलता गुडघे टेकतो, आणि पडदा पडतो. ती शांतता म्हणजे नाटकाचा प्राण, असं ती सगळ्यांना सांगत होती.

राज्यकर्त्याची भूमिका तिच्या नवऱ्याला, केयूरला मिळाली, कारण तालमी त्याच्या दिवाणखान्यात होत्या. सरदार होणाऱ्या गृहस्थांची मात्र अचानक दुबईला बदली झाली. बाळकृष्णाला त्या दिवसांत पडदा रंगवायला बोलावलं होतं. तो तट रंगवत होता आणि मागं वळून सांगत होता की राजा असा उभा राहत नाही, राजाचं वजन टाचेवर असतं. तिसऱ्या दिवशी प्रियांकानं त्याच्या हातातला ब्रश काढून घेतला आणि तलवार दिली.

त्याला गोष्ट समजावून सांगितली तेव्हा त्यानं फक्त एक प्रश्न विचारला. "मॅडम, ह्यो सरदार एकदा माफी मागान मोकळो कित्याक होणा नाय?"

"कारण आपलं चुकलं असं त्याला वाटतच नाही," प्रियांका म्हणाली. "तट त्यानं चांगल्या मनानं बांधला. विचारलं नाही, एवढंच."

"मगे बरोबर आसा तेचा," बाळकृष्ण समाधानानं म्हणाला. "मानी माणूस दिसता."

"पण विचारायला काय झालं होतं?" सोफ्यावरून केयूरनं तोंड घातलं. त्यावर बाळकृष्णानं त्याला चांगल्या मनानं केलेलं काम आणि कृतघ्न मालक या विषयावर चहा निवेपर्यंत ऐकवलं. त्याला गाडीतून न्यायला आलेला महमूद दाराशी बसून हे ऐकत होता. त्यानं नुसता घसा साफ केला.

जपानी सरदार आपल्याला इतका चटकन कसा समजला याचं बाळकृष्णाला स्वतःलाच कौतुक वाटत होतं. आपल्या अभिनयाला अजून गंज चढलेला नाही, असा त्यानं त्याचा अर्थ लावला.

प्रयोग एका शाळेच्या हॉलमध्ये होता. मंडळाचा शिरस्ता असा की दरवर्षी एखाद्या ओमानी गृहस्थाला पाहुणा म्हणून बोलवायचं. या वर्षी पडदे आणि चौकटी वाहायला ट्रक गॅरेजनं दिला होता, तेव्हा पाहुणे कोण हे उघड होतं. बाळकृष्णाला ते कळलं तेव्हा तोंडाला पांढरा रंग लावून झाला होता. विंगेतून त्यानं डोकावलं. पहिल्या रांगेत मधोमध खल्फान अर्बाब, पांढरा पायघोळ दिश्दाशा, डोक्याला गुंडाळलेला मुस्सर, शेजारी गोष्ट समजावून सांगायला महमूद. बाळकृष्णाची तलवार कमरेला नीट बसेना.

पहिला अर्धा भाग ठरल्याप्रमाणे झाला. मग केयूर सिंहासनावर बसला, आणि त्यानं पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "सरदार, माझ्या परवानगीवाचून तू तटाला हात लावलास. तुझा मुलूख आजपासून जप्त. तलवार खाली ठेव."

इथं बाळकृष्णानं गप्प बसायचं होतं. तो बसलाही, दोन श्वास. मग देवळापुढचा जुना राजा जागा झाला. त्यानं केयूरकडे पाठ फिरवली आणि पहिल्या रांगेकडे तोंड केलं.

"महाराज," तो कडाडला, "आपण तट पाहिलात. तटामागचा घाम पाहिलात? सुट्टीचे दिवस मोडून मी तो घासला. आधी पुटी भरली. वर प्राइमर मारला. त्यावर तीन हात दिले, महाराज, तीन. दोन दिले असते तर कोणी विचारणार नव्हतं."

जपानी तटाला प्राइमर म्हटल्यावर मागच्या रांगांत हशा पिकला. केयूरला पुढचं आठवेना, म्हणून तो मागचंच म्हणाला, "तलवार खाली ठेव." विंगेत प्रियांकानं कपाळावर हात मारून घेतला.

"लोक म्हणतात, का केलंस?" बाळकृष्ण आता रंगात आला होता. "का केलं? ती आपल्या वडिलांची वस्तू म्हणून केलं. आपल्या वडिलांची—"

आणि तो थांबला. अर्बाब त्याच्याकडे बघत होते. तीन महिन्यांत पहिल्यांदा बघत होते. त्यांना मराठीचा एक शब्द कळत नव्हता, पण ते मान जराशी पुढं करून ऐकत होते, शुक्रवारी ऐकायचे तसे. बाळकृष्णानं तलवार सोडून खाली ठेवली आणि गुडघे टेकले. पडदा पडला. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. काय अभिनय केला, असं लोक एकमेकांना सांगत होते.

नाटक संपलं की पाहुण्याला कॉफी द्यायची, ही व्यवस्था मंडळानं केली होती. एका कार्यकर्त्यानं उंच चोचीच्या किटलीतून कॉफी ओतून इवलासा पेला अर्बाबांच्या हातात दिला. अर्बाबांनी तो घेतला, ओठांना न लावता समोरच्या टीपॉयवर ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसले. महमूदचा चेहरा उतरला.

"मॅडम," तो प्रियांकाकडे धावला, "अर्बाबनी कॉफी खाली ठेवली."

"गोड हवी होती का?"

"गोडाचं नाही हो. यांच्यात रीत आहे. माणूस काही मागायला आला असेल तर पहिला पेला न पिता खाली ठेवतो. यजमानानं विचारायचं, काय हवं? आणि तो मागेल ते द्यायचं. मग तो पितो. पाहुणा न पिता उठून गेला तर यजमानाची अब्रू गेली."

यजमान म्हणजे मंडळ, आणि मंडळाची अब्रू नको इतकी नाजूक. प्रियांका लगबगीनं पुढं गेली आणि आपल्याला येईल त्या हिंदीत तिनं विचारलं, सर, काय हवं?

अर्बाबांनी पडद्याकडे बोट केलं. "वो राजा को बोलो, मेरा आदमी को माफ करे. मेरा आदमी ने क्या किया? दीवार बनाया. अच्छा बनाया. इतना लोग के सामने नीचे बिठाया उसको."

"सर, पर ये ट्रॅजेडी है," प्रियांका कळवळून म्हणाली.

"मॅडम," महमूद हळूच म्हणाला, "कॉफी थंड होतेय."

पडदा पुन्हा उघडावा लागला. केयूरनं तोवर राजवस्त्रं उतरवली होती. तो वर झगा आणि खाली घरचा पायजमा अशा थाटात सिंहासनावर येऊन बसला आणि त्यानं जाहीर केलं, "सरदार, तुला माफ केलं. मुलूख परत. तलवारही घेऊन जा." प्रियांकाच्या शांततेचं असं खोबरं झालं. हॉलनं मात्र शिट्ट्या वाजवल्या. अर्बाबांनी पेला उचलला, प्यायले, वर चढून केयूरचा हात हातात घेऊन त्याच्या न्यायबुद्धीची तारीफ केली.

बाळकृष्ण शेजारीच गुडघ्यांवर होता. मेरा आदमी, हे शब्द त्यानं पडद्याआडून ऐकले होते, आणि त्याच्या तोंडावरच्या पांढऱ्या रंगाला ओघळ आले होते. आता बोलतील, असं त्याला वाटलं. अर्बाब त्याच्यापाशी थांबले. मग महमूदकडे वळून म्हणाले, "पेंटर को बोलो, कपड़ा बहुत अच्छा था." आणि गेले.

म्हणजे दुसऱ्या कोणी शिक्षा केली तर माफी मागून आणायला तयार, पण स्वतःची शिक्षा जशीच्या तशी. मालक झाले तरी माणसंच, त्यांचाही हिशेब सरळ नसतो. बाळकृष्ण परतताना गाडीत एक शब्द बोलला नाही. महमूदला वाटलं, याला बरं नाही. त्यानं वाटेत थांबून त्याला लिंबू सरबत पाजलं.

त्या शुक्रवारी बाळकृष्ण अल अमेरातला गेला. धुतलेला शर्ट, केसांना तेल. वाटभर त्यानं मनात भाषण रचलं. सुरुवात, मधला भाग, टाळीचं वाक्य, सगळं. चपला काढून तो मजलिशीत शिरला तेव्हा गॅरेजची माणसं आणि अर्बाबांचे दोघे चुलतभाऊ भिंतीला टेकून बसले होते. डावीकडची जागा रिकामी होती. ती मुद्दाम ठेवली होती की कोणाची बसायची छाती झाली नव्हती, हे कळायला मार्ग नव्हता. बाळकृष्ण तिथं बसला.

अर्बाबांचा मुलगा कॉफी ओतत ओतत त्याच्यापर्यंत आला. बाळकृष्णानं पेला उजव्या हातात घेतला आणि समोरच्या चटईवर ठेवला.

अर्बाबांनी पेल्याकडे पाहिलं, मग सवयीनं महमूदकडे. महमूदनं छताकडे बघायला सुरुवात केली. पण महमूद असता काय आणि नसता काय, या प्रश्नाला मध्यस्थ चालत नाही. यजमानानं स्वतः विचारावं लागतं. अर्बाबांची बोटं हातातल्या काठीवर वाजत राहिली.

"क्या चाहिए?" ते शेवटी म्हणाले. थेट.

एक्झिट मागणार, असं सगळ्यांना वाटलं. आणि मागितलं तर आता नाही म्हणता येणार नव्हतं. व्हिसा डिसेंबरात संपत होता आणि तिकीट काढून देणं अर्बाबांवर बंधनकारक झालं असतं. खोलीत जो तो आपापल्या पेल्यात बघत होता. बाळकृष्णाचं रचलेलं भाषण आयत्या वेळी कुठल्या कुठं पळालं.

"अर्बाब," तो म्हणाला, "मेरे को डाँटो."

"क्या?"

"डाँटो. गाली दो. जो देना है दो. महमूद को बोल के नहीं, मेरे को. आप बोलता नहीं तो मेरे को जीना नहीं होता."

अर्बाबांनी चटईवरचा पेला उचलून त्याच्या हातात दिला. मग म्हणाले, "कॉफी पी."

बाळकृष्ण प्यायला. आणि जन्मात आवाज न चढवलेल्या खल्फान अर्बाबांनी आवाज चढवला. आधी हिंदीत, मग हिंदी पुरेना म्हणून अरबीत, मग पुन्हा हिंदीत. तू गधा आहेस, ते म्हणाले. तुझे डोळे रंगानं आंधळे झालेत. त्या गाडीत मी लहानपणी मागं मासळीच्या टोपल्यांत बसून यायचो. बाप उन्हात उभा राहायचा, हात फाळक्यावर. तो गेला तेव्हा मी परगावी होतो, मला त्याचा हात धरायला मिळाला नाही. मग मी तिथं हात ठेवायचो. माझा हात बरोबर बसायचा त्या जागेत. ती तू कागदानं घासून काढलीस. तीन हात रंग दिलास म्हणून गावभर सांगतोस. कोणी सांगितलं होतं तुला? कोणी?

बाळकृष्णाकडे उत्तरं होती. मला कोणी सांगितलं नव्हतं, हे होतं. चांगल्या मनानं केलं, हे होतं. रंग परदेशी होता, हेही होतं. एकेक उत्तर घशापर्यंत आलं आणि एकेक त्यानं गिळलं. हात धरायला मिळाला नाही हे त्याला आज कळत होतं, आणि त्यापुढं ती सगळी उत्तरं त्याला भिकार वाटली. आपण काय पुसून टाकलं ते त्याच्या आता ध्यानात आलं, आणि त्याला फार वाईट वाटलं.

अर्बाब थकून थांबले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. सगळे बाळकृष्णाकडे बघू लागले. आता हा सुरू होणार, अशा बेतानं महमूदनं तर उशी पाठीशी नीट घेतली.

"माजा चुकला, मालक," बाळकृष्ण म्हणाला.

"क्या बोला?" अर्बाबांनी महमूदला विचारलं.

"बोलता है, गलती मेरी है."

अर्बाबांनी मुस्सरच्या टोकानं डोळे पुसले. "चौदा साल से ये आदमी बोलता है," ते म्हणाले. "सुबह बोलता है, शाम को बोलता है. इतना बोलता है. ये एक बात तीन महीने में नहीं बोल सका?"

बाळकृष्ण चटईकडे बघत होता. "शरम आता था, अर्बाब."

अर्बाबांनी त्याचा रिकामा पेला मुलापुढं सरकवला.

"मेरे को भी," ते म्हणाले.

मग एक्झिटच्या कागदांचं पुढं काय करायचं, असं महमूदनं अगदी साध्या मनानं विचारलं, आणि त्याबरोबर दोघेही एकदम त्याच्यावर ओरडले.